मुकुंदरावांची निळी लिली

वीरेंद्रच्या गच्चीवरून खाली उतरतानाच मुकुंदरावांचं तोंड वाकडं झालेलं उर्मिलेनं पाहिलं आणि ती मनात म्हणाली, झालं, आता सौंसरचं घर येईपर्यंत ऐका.

वीरेंद्रचं पांढुर्ण्यात औषधाचं दुकान होतं. पूर्वी तो सौंसरला यांच्या शेजारी भाड्यानं राहायचा, तेव्हापासूनची ओळख. गच्चीवर त्यानं लिली लावली होती आणि वैशाखाच्या उन्हात ती सगळी एकदम फुलली होती. लालभडक, कर्ण्यासारखी तोंडं चारी दिशांना करून. गावातल्या बागेच्या स्पर्धेत त्याला पहिलं बक्षीसही मिळालं होतं. निघताना त्यानं आपणहून एका कुंडीतले कांदे उपटले, वर्तमानपत्रात गुंडाळले आणि मुकुंदरावांच्या हातात दिले. लिलीच्या गड्ड्याला आपल्याकडे कांदाच म्हणतात.

“घ्या मुकुंदभाऊ. मातीत खोचा फक्त, काही करा लागत नाही.”

काही करा लागत नाही, हेच मुकुंदरावांना झोंबलं. सिंचाई विभागात उपयंत्री म्हणून त्यांनी जन्म काढला होता आणि सहायक यंत्री होऊन निवृत्त झाले होते. सोपं काम दुसऱ्याला जमलं की त्यांना ते काम वाटत नसे. गाडी गावाबाहेर पडायच्या आत सुरू झाले.

“याले बागकाम म्हणून राहिले लोकं! एकाच्या कुंडीतला कांदा काढाचा, दुसऱ्याच्या कुंडीत गाडाचा. पांढुर्णा जिल्हा झाला म्हणून काय पांढुर्ण्याच्या माणसाले अक्कल आली? बियापासून लिली करून दाखव म्हणा, मग मानतो.”

“तुम्ही केली काय कधी?” उर्मिलेनं विचारलं.

“केली नाही. पण करू शकतो. फरक असते त्यात.”

“आमच्या माहेरी तर संत्र्याचीही कलमंच लावतात.”

“म्हणूनच तुमचे लोक जिथल्या तिथं आहेत.”

उर्मिला खिडकीबाहेर पाहू लागली. बाहेर दोन्हीकडे तेच जिथल्या तिथले लोक आणि त्यांचे संत्र्याचे बगीचे होते.  दुसऱ्या दिवशी सकाळी कचऱ्याची गाडी आली तेव्हा वर्तमानपत्राचं पुडकं मुकुंदरावांनी स्वतःच्या हातानं तिच्यात टाकलं. एरवी घरातला कचरा ते कधीही बाहेर नेत नसत.

पाऊस संपता संपता एक पाकीट आलं. कुठल्याशा परदेशी नावाच्या दुकानातून, फोनवर मागवलेलं. पाकिटावर लिलीचं चित्र होतं, निळ्या लिलीचं. शाईच्या दौतीत बुडवून काढल्यासारखी निळी. अशी निळी वस्तू उर्मिलेनं फक्त रांगोळीत पाहिली होती.

“ही होय लिली,” मुकुंदराव म्हणाले. “पूर्ण जिल्ह्यात कोणाकडे नसन.”

त्यांनी पाकीट कापलं आणि बी एका पांढऱ्या बशीत ओतलं. काळं, बारीक, कोनाकोनाचं बी. उर्मिलेला ते कुठं तरी पाहिल्यासारखं वाटलं. पण त्या घरात तिला काय वाटतं याला फारसा भाव नव्हता, त्यामुळे तिनं बशीला हात लावला नाही.

दसऱ्यानंतर पेरणी झाली. पेरणी कसली, शस्त्रक्रियाच. व्हरांड्यात हिरवी जाळी बांधली गेली. नारळाच्या भुशाचे ट्रे आले. मुकुंदरावांनी हातात रबरी मोजे चढवले आणि एकेक बी चिमट्यानं उचलून ठेवलं. पाणी इंजेक्शनच्या सिरिंजनं. ट्रेजवळ थर्मामीटर टांगलं. एक पाटी रंगवून घेतली: ‘निळी लिली, संकरित. कृपया हात लावू नये.’ पाटी उर्मिलेसाठीच होती, कारण त्या व्हरांड्यात दुसरं कोणी येत नव्हतं.

मग रोज सकाळी कॉलनीच्या व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपवर फोटो पडू लागला. अंकुर फुटला तेव्हा फोटो. पहिलं पातं सरळ झालं तेव्हा फोटो, खाली निबंध: बियापासून लिली हे संयमाचं काम आहे, तयार कांदे खोचणाऱ्यांना तो आनंद कळायचा नाही. ग्रुपमधले लोक हात जोडलेलं चित्र पाठवत. तेवढंच पाठवत. ‘अरे वा’ म्हणणारा एकही नव्हता, आणि मुकुंदरावांना ते कळत नव्हतं. ते प्रत्येक जोडलेले हात उर्मिलेला दाखवत आणि वर म्हणत, “पाह्य, लोकं शिकून राहिले.”

रोपं बोटभर झाली, वीतभर झाली. ट्रेमधून लांबट कुंड्यांत गेली. एका सकाळी मुकुंदराव अंघोळीला गेले असताना उर्मिला व्हरांड्यात केर काढत होती. एका कुंडीतलं पातं मोडून लोंबत होतं, बहुतेक चिमणीनं मोडलं असावं. पाटी वाचून न वाचल्यासारखं करून तिनं ते खुडलं आणि बोटांत चुरडलं.

कांदा.

तिनं बोटं परत नाकाशी नेली. शंकाच नको. हिरवट, तिखट, रोज सकाळी तिच्या विळीवरून येणारा तोच वास. पातं मधून पोकळही होतं, कांद्याच्या पातीसारखं. लिलीचं पातं पट्टीसारखं सपाट असतं, हे वीरेंद्रच्या गच्चीवर ती पाहिलेल्या कोणालाही आठवलं असतं. ज्या माणसानं ही पाती रोज टेपनं मोजली होती त्याला मात्र आठवलं नव्हतं. हातातले मोजे काढून त्यानं एकदाही पात्याला बोट लावलं नव्हतं.

उर्मिला आत गेली, साबणानं हात धुतले आणि पोळ्या लाटायला बसली.

सांगावं असं तिच्या मनात आलं नाही असं नाही. मुकुंदराव केस पुसत बाहेर आले, कुंड्यांपाशी उभे राहिले आणि म्हणाले, “मोडलेलं पातं कुठं गेलं? हात लावला काय तू? पाटी वाचता येते ना? का आता तीही शिकवू?” त्यानंतर तिच्या मनात आलं नाही.

कारण त्या ‘शिकवू’च्या मागे एक संध्याकाळ होती. उर्मिला लोधीखेड्याच्या मराठी शाळेत शिक्षिका होती, कायम दुसरीच्या वर्गावर, आणि तिथूनच निवृत्त झाली. निरोपाच्या समारंभात मुख्याध्यापकांनी मुकुंदरावांना दोन शब्द बोलायची विनंती केली. ते माईकसमोर आले आणि म्हणाले, “आम्ही दोघंही सरकारी नोकर. मी उपयंत्री होतो, सहायक यंत्री झालो. या लागल्या तेव्हा दुसरीत होत्या. आजही दुसरीतच आहेत.” मंडपात हशा उसळला. ज्यांच्या लेकरांना तिनं अक्षर गिरवायला शिकवलं होतं ते बापही हसले, कॉलनीतून आलेले शेजारीही हसले. गळ्यात हार होता, हातात शाल-श्रीफळ होतं, आणि उर्मिला त्यांच्याबरोबर हसली. त्या हसण्याचा राग तिला आजपर्यंत पुरला होता.

संक्रांतीला तिचा धाकटा भाऊ गजेंद्र बगीच्यातली संत्री घेऊन आला. व्हरांड्यात पाय ठेवला आणि थबकला.

“ताई, भाऊजीनं कांदे काहून लावले इथं? वावरात जागा नाही काय माझ्या?”

“हळू बोल. ती लिली होय. निळी.”

गजेंद्रनं पाटी वाचली. मग बहिणीकडे पाहिलं. मग तोंडाला रुमाल लावून तो अंगणात जाऊन उभा राहिला, खांदे हलत होते. परत आला तेव्हा डोळे पुसत होता.

“सांगत काहून नाहीस तू त्यायले?”

“मी दुसरीतली बाई. मले काय समजते?”

गजेंद्रचं हसू गेलं. तो खुर्चीवर बसला, संत्र्याची पिशवी तिच्या हातात दिली.

कॉलनीलाही केव्हाचं माहीत होतं. समोरच्या प्रेमलताबाईंच्या बोलण्यावरून उर्मिलेला ते कळलं. प्रेमलताबाई फाटकावर हात ठेवून गोड आवाजात विचारत, “काय म्हणते लिली? वाढून राहिली नं?” आणि घरात पाय पडायच्या आत त्यांचं हसणं ऐकू येई. सगळी कॉलनी बघत होती. कोणी सांगत नव्हतं, कारण मुकुंदरावांनी कॉलनीत एकाला सोडलं नव्हतं. कोणाच्या घराचा उतार चुकला होता, कोणाच्या मुलाची शाखा चुकली होती, कोणाचं मराठी चुकलं होतं. प्रत्येकाकडे आपापला राग होता आणि त्यावर उतारा म्हणून लोक रोज सकाळी फोटो पाहत होते.

थंडी ओसरली आणि पातीच्या मधून जाड, पोकळ दांडे वर आले. शेंड्याला पांढरट टोपी घातलेली कळी. मुकुंदरावांना आनंदानं जागेवर उभं राहवेना. ग्रुपवर मजकूर पडला: येत्या रविवारी सकाळी जिल्ह्यातल्या पहिल्या निळ्या लिलीचं दर्शन, चहा-फराळ, सर्वांनी अगत्य यावं. वीरेंद्रला त्यांनी वेगळा फोन केला. “या, या, मुद्दाम या. बियापासून काय होते ते पाहून घ्या.”

खुर्च्या आल्या. उर्मिलेनं पोहे आणि आलुबोंडे करायचं ठरलं, म्हणजे मुकुंदरावांनी ठरवलं. शनिवारी टोपी फाटली. आतून निळं काही निघालं नाही. बारीक, हिरवट पांढऱ्या फुलांचा गोल गोंडा निघाला, आणि मागोमाग दुसरा, तिसरा. उर्मिला स्वयंपाकघराच्या दारातून पाहत होती. मुकुंदराव कुंडीसमोर वाकले, सरळ झाले, पुन्हा वाकले. मग ते आत गेले, खोलीचं दार लावून घेतलं आणि जेवायला हाक मारेपर्यंत बाहेर आले नाहीत.  जेवताना फक्त एवढं बोलले, “उद्या चहात साखर कमी ठेव. वीरेंद्रले चालत नाही.” उर्मिलेला वाटलं, बहुधा निळा रंग उद्या चढेल अशी वाट पाहतो आहे हा माणूस. याच्या आशेलाही लाज नाही.

रविवारी सगळे आले. आजारी असल्याचं सांगून कधीच कोणाकडे न जाणारे हिरामण काकाही काठी टेकत आले. प्रेमलताबाई नवं लुगडं नेसून पहिल्या रांगेत. वीरेंद्र पांढुर्ण्याहून आला, मिठाईचा डबा घेऊन. मुकुंदरावांनी कोट घातला होता.

“मंडळी,” ते म्हणाले, “बीज हे धीराचं काम आहे...”

“साहेब,” मागून कोणी तरी म्हणालं, “याची पिठल्यात चव कशी लागते जी?”

तेवढ्यानं बांध फुटला. इतक्या महिन्यांचं साठवलेलं हसू एकदम बाहेर आलं. प्रेमलताबाई पदर तोंडात कोंबून हसत होत्या. हिरामण काकांना हसता हसता खोकला लागला आणि कोणी त्यांच्या पाठीवर थापट्या मारत हसत होतं. एकानं गोंडा मोडून नाकाला लावला, दुसऱ्याला दिला, तो तिसऱ्याकडे गेला. पाटीचा फोटो काढायला फोन पुढं सरसावले.

आलुबोंड्यांचं ताट हातात घेऊन उर्मिला दारात उभी होती. याच घडीची ती वाट पाहत होती, आणि घडी गोड लागली. खोटं कशाला बोलायचं, फार गोड लागली. तिनं ती पुरती चाखली. मग तिची नजर लोकांच्या तोंडांवर गेली. हीच तोंडं तिच्या निरोपाच्या मंडपात होती. तेव्हाही अशीच उघडली होती, याच्याच बाजूनं. आज याच्यावर. यांना हसायला कोणी तरी लागतं, मग ते कोणीही चालतं. यांच्यासारख्यांचं हसू आपण मनाला लावून घेतलं, याचंच तिला हसू आलं, आणि ते काही चांगलं हसू नव्हतं.

मुकुंदराव कोटाचं बटण लावत होते. लागलेलंच बटण पुन्हा पुन्हा.

“कांदा,” ते मोठ्यानं म्हणाले, “कांदा हा लिलीच्याच कुळातला आहे.”

हशा दुप्पट झाला. उर्मिलेला मेल्याहून मेल्यासारखं झालं. गप्प बसता येत नाही या माणसाला, जमिनीत गाडला तरी वरून सूचना देईल.

“बरोबर आहे,” वीरेंद्र उठून म्हणाला. “जुन्या पुस्तकांत कांदा लिलीच्याच कुळात होता. आमच्या फार्मसीच्या पुस्तकात होतं. आता वेगळा काढला.” त्याच्या आवाजात टोमणा नव्हता. त्यानं मुकुंदरावांच्या दंडाला धरून त्यांना खुर्चीवर बसवलं. “अन् असं खोटं बी फोनवर सर्रास विकून राहिले, मुकुंदभाऊ. मीही फसलो होतो, गुलाबाच्या बियात.”

मुकुंदरावांनी त्याचा हात झटकला.

प्रेमलताबाई ताटातला आलुबोंडा उचलायला आल्या. “काय वहिनी, यात तरी पात टाकाची होती नं, घरची!”

उर्मिलेनं ताट मागं घेतलं. “तुमच्या घरी काय फुललं ते सांगा आधी. बारा महिने तुम्ही आमच्याच फाटकावर दिसता.”

प्रेमलताबाईंचा हात हवेत राहिला.  उर्मिला ताट घेऊन वीरेंद्रकडे गेली, त्याला वाढलं आणि बाकी ताट आत नेऊन ठेवलं. फराळ संपला असं समजून लोक उठले.

निघताना वीरेंद्र स्वयंपाकघराच्या दाराशी आला. “वहिनी, लिली बियापासून होते बरं. होत नाही असं नाही. यंदा मी एक बोंड झाडावर राखतो. पिकलं की फोन करीन.”

सगळे गेल्यावर मुकुंदराव कोटासकट स्वयंपाकघरात आले.

“तुले माहीत होतं?”

“हो.”

“कधीपासून?”

“पातं मोडलं होतं, तेव्हापासून.”

“सांगितलं काहून नाही?”

“तुम्ही कधी काही विचारलं काय मले?” उर्मिलेनं कढई घासायला घेतली. “अन् तुमच्या कधी ध्यानात आलं?”

मुकुंदरावांनी कोटाचं बटण काढलं. “काल. टोपी फाटली तेव्हा. मग पुस्तकात पाहिलं.”

“मग बोलावलं कशाला लोकायले?”

“बोलावून झालं होतं,” ते म्हणाले.

उर्मिलेनं हात थांबवून त्यांच्याकडे पाहिलं. शनिवारभर दार लावून हा माणूस कांद्याचं कूळ शोधत बसला होता. एक फोन करून ‘येऊ नका’ म्हणणं त्याला सुचलं नव्हतं, आणि सुचलं असतं तरी जमलं नसतं. तिला त्यांची कीव आली, पण तिरस्कार तसाच राहिला. दोन्ही शेजारी शेजारी बसले आणि एकमेकांना अडचण झाली नाही.

संध्याकाळी तिनं कांदे उपटले. कोवळी होती ती पात चिरून झुणका केला. मुकुंदरावांनी हा कसला झुणका म्हणून विचारलं नाही. दुसऱ्यांदा मात्र मागून घेतला.

त्यांनी ग्रुप सोडला. चौकात जाणं सोडलं. कॉलनीला थोडे दिवस चुकल्या चुकल्यासारखं झालं आणि मग तिला दुसऱ्या कोणाचं तरी काही तरी सापडलं.

कडक उन्हाळ्यात वीरेंद्रचा फोन आला. उर्मिला एकटीच बसनं पांढुर्ण्याला गेली. लिलीचं बोंड तीन कप्प्यांचं असतं. पिवळं पडून उकललं होतं, आणि आत काळे, पातळ पापुद्रे एकावर एक रचलेले, जळक्या कागदासारखे. “हेच बी,” वीरेंद्र म्हणाला. “ताजंच पेरा लागते. अन् फुलाची घाई नका करू. वर्षं जातात. फूल आईसारखंच निघन याची हमी नाही.”

घरी येऊन तिनं जुन्या घमेल्याला भोकं पाडली, माती, वाळू आणि शेणखत मिसळलं, बी पसरलं आणि वरून चिमूटभर माती भुरभुरली. मुकुंदराव मागं येऊन उभे राहिले.

“वाळू जास्त झाली.”

“हात लावू नका.”

“मी फक्त सांगून राहिलो.”

“सांगूही नका.”

ते आत गेले. बी उगवलं. गवतासारखी सपाट पाती आली. ती खुडून हुंगायचा मोह तिला झाला आणि एकदा तिनं खुडलंही; नुसता हिरवा वास आला. पहिला उन्हाळा रोपांनी जेमतेम काढला. दुसऱ्या वर्षी मातीखाली लसणाच्या पाकळीएवढे गड्डे धरले. ती गजेंद्रकडे राहायला गेली की परत आल्यावर माती ओली असे. ती काही म्हणत नसे, मुकुंदरावही म्हणत नसत. त्यांचं न म्हणणं हीच त्या घरात नवी गोष्ट होती, आणि ती टिकेल याचा उर्मिलेला मुळीच भरवसा नव्हता.

भरवसा नव्हता ते बरोबरच होतं. दुसऱ्या पावसाळ्यात त्यांनी तिला न सांगता घमेलं हलवून गच्चीवरून पडणाऱ्या पाण्याच्या धारेखाली ठेवलं आणि निम्मी रोपं कुजवली. वर म्हणाले, “निचरा बरोबर नव्हता तुझा.” त्या दिवशी उर्मिलेनं त्यांना जे सुनावलं ते समोरच्या प्रेमलताबाईंनी खिडकी उघडून ऐकलं. उरलेली रोपं तिनं कुंड्यांत लावली आणि स्वतःच्या खोलीच्या खिडकीखाली ठेवली.

यंदाच्या वैशाखात त्यातल्या एका रोपानं जाड दांडा वर काढला. फूल उमललं. लालच, वीरेंद्रच्या लिलीपेक्षा किंचित फिकं, पाकळीच्या मधोमध पांढरी रेघ. अशी लिली गावात कोणाच्याही दारात दिसावी.

मुकुंदराव चष्मा लावून आले आणि वाकून पाहू लागले. खिशातून फोन काढला. उर्मिला कमरेवर हात ठेवून उभी राहिली. त्यांनी तिच्याकडे पाहिलं, फोन हातात तसाच धरला, मग खिशात टाकला.

“साधीच निघाली,” ते म्हणाले.

“साधीच आहे.”

“रेघ बरी आहे.”

 मुकुंदरावांनी आतून खुर्ची आणली, एकच, आणि स्वतःच तिच्यावर बसले. उर्मिलेच्या तोंडावर शब्द आला होता. तिनं तो गिळला, आत जाऊन आपली खुर्ची आपण आणली आणि कुंडीच्या दुसऱ्या बाजूला टेकवली. ऊन चढेपर्यंत दोघं बसून होती. मुकुंदराव मधूनच मातीबद्दल काही तरी सांगू लागत, आणि ती म्हणत, “बोलू नका.”